वनाची राखण : मंडळ्यांसाठी अभ्यासपाठ

शास्त्रपाठ : उत्पत्ति २:१५ व ४:९, अनुवाद २४:१९–२२, नहेम्या २:८, ईयोब १४:७–९, लूक १३:६–९.

पाठाचा हेतु : गावाचे रान राखणाऱ्या स्वयंसेवकांच्या मंडळाचे काम कसे चालते, ते कशाने टिकते व कशाने मोडते, आणि त्यात ख्रिस्ती मनुष्याने कोणत्या वृत्तीने सामील व्हावे, हे समजून घेणे.



पावसाळा सुरू झाला म्हणजे आपल्या गावोगावी झाडे लावण्याचा सोहळा होतो. शाळेची मुले रांगेने उभी राहतात, पाहुणे येतात, खड्ड्यात रोप ठेवून त्यावर तांब्याभर पाणी घालतात, छायाचित्र निघते आणि सर्वजण आपापल्या घरी जातात. पुढील वर्षी पुष्कळदा त्याच खड्ड्यात नवे रोप लावण्याचा प्रसंग येतो. आपल्या राज्याने २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी झाडे लावण्याचा संकल्प केला होता. त्या कामी अनेकांनी मनापासून श्रम केले, व त्यांना नावे ठेवण्याचा येथे हेतु नाही. परंतु रोप लावण्यास एक सकाळ पुरते, आणि त्याचे झाड होईपर्यंत ते शेळीपासून, कुऱ्हाडीपासून व वणव्यापासून राखण्यास पुष्कळ वर्षे लागतात. पहिल्या कामास माणसे सहज मिळतात. दुसऱ्या कामास ती कशी मिळावीत, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

१. ‘राखणे’ या शब्दाचा अर्थ

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देवाने मनुष्याला एदेन बागेत ठेवले, आणि त्याच्याकडे दोन कामे सोपविली : बागेची मशागत करणे व तिची राखण करणे. मनुष्य अद्याप पापात पडला नव्हता, घाम गाळून भाकर मिळविण्याचा शाप त्याला लागला नव्हता, तेव्हाच ही चाकरी त्याला मिळाली. म्हणून झाडाची निगा राखणे ही शिक्षा आहे किंवा हलके काम आहे, असे ख्रिस्ती मनुष्याने कधीही मानू नये.

येथे ‘राखणे’ यासाठी इब्री भाषेत ‘शामर’ हे क्रियापद आहे. तेच क्रियापद पुढे दोन ठिकाणी येते, व ती दोन्ही ठिकाणे आपल्या विषयाला लागू आहेत. चौथ्या अध्यायात काइनाने आपल्या भावाचा घात केल्यावर देवाने त्याला विचारले, तेव्हा आपण भावाचे राखणदार आहोत काय, असा उलट प्रश्न त्याने केला. त्या प्रश्नात हाच शब्द आहे. नंतर नहेम्याने यरुशलेमेच्या वेशींसाठी लाकूड मागितले, तेव्हा राजाचे पत्र आसाफ नावाच्या एका मनुष्याला लिहून घेण्यात आले. तो राजाच्या वनाचा राखणदार होता. तेथेही हाच शब्द आहे. देवाच्या मंदिराजवळील गढी, नगराचा कोट व नहेम्याचे घर यांना तुळया मिळाल्या, त्या या आसाफाच्या ताब्यातील रानातून. तो कोणी संदेष्टा किंवा याजक नव्हता, आणि त्याच्याविषयी शास्त्रात याहून अधिक काही नाही. पण त्याने रान राखले नसते, तर पत्र असूनही लाकूड कोठून मिळाले असते?

बाग राखणे, भाऊ राखणे व वन राखणे या तिन्ही कामांना शास्त्रात एकच शब्द आहे, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पाठाच्या शेवटी तिचा आपणांस उपयोग होईल.

२. आपल्या जिल्ह्यांची स्थिति

१९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने देशाची एक तृतीयांश भूमि वनाखाली किंवा वृक्षांखाली असावी, असे उद्दिष्ट ठरविले. आपल्या लातूर जिल्ह्यात वनाखालील भूमि एक टक्क्याहूनही कमी आहे. नांदेड जिल्ह्याचे चित्र दोन प्रकारचे आहे. दक्षिणेकडे व गोदावरीच्या काठाने सर्व काळी शेतजमीन. उत्तरेस किनवट व माहूर या तालुक्यांत मात्र अद्याप सागाचे रान उभे आहे, आणि पैनगंगेच्या काठचे अभयारण्य नांदेड व यवतमाळ या दोन जिल्ह्यांत पसरले आहे.

एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले, हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. घागरी घेऊन रांगेत उभे राहण्याचे ते दिवस कोणी विसरला नसेल. त्या संकटाची कारणे अनेक होती : लागोपाठ अपुरा पाऊस, कोरडे पडलेले मांजरा धरण, आणि विंधनविहिरींचा बेसुमार उपसा. झाडे असती तर दुष्काळच पडला नसता, असे म्हणणे खरे होणार नाही. तथापि उघड्या टेकडीवर पडलेला पाऊस माती घेऊन वाहून जातो, आणि गवताने व झुडपांनी झाकलेल्या टेकडीवर तो थांबून हळूहळू जमिनीत मुरतो, हे शेतकऱ्याला कोणी शिकविण्याची गरज नाही.

याच लातूर शहरात २०१९ पासून ‘ग्रीन लातूर वृक्ष टीम’ या नावाचे स्वयंसेवक रस्त्याकडेची व मोकळ्या जागेतील झाडे लावून त्यांना पाणी घालण्याचे काम नित्यनेमाने करीत आले आहेत. त्यांत नाना व्यवसायांचे लोक आहेत. त्यांच्या कामाचा विशेष असा की, ते एका दिवसाच्या सोहळ्यावर न थांबता रोजच्या श्रमदानावर उभे आहे.

मराठवाड्यातील प्रत्येक माळ मोकळा पडला आहे असे समजून तेथे खड्डे खणणे मात्र योग्य नव्हे. गवताचा माळ म्हणजे ओसाड जमीन नव्हे. तेथे जनावरांचा चारा आहे, काळवीट आहे, आणि जमिनीवर घरटे करणारे पक्षी आहेत. जेथे पूर्वी रान होते, किंवा जेथे अजून खुंट व मुळे जिवंत आहेत, ती जागा प्रथम पाहावी.

३. मुळांत जीव आहे

ईयोबाने आपल्या दुःखात झाडाकडे पाहून म्हटले की, तोडलेल्या झाडालाही आशा असते. त्याचे मूळ जमिनीत जुने झाले तरी पाण्याचा वास येताच त्याला पुन्हा धुमारे फुटतात. ही केवळ उपमा नाही. साग, पळस, धावडा इत्यादि आपल्या रानातील झाडे तोडली तरी त्यांच्या खुंटांतून व मुळांतून फुटवे येतात. शेळी ते फुटवे वर्षानुवर्षे खाते, किंवा दर उन्हाळ्यात आग त्यांना जाळते, म्हणून टेकडी उघडी दिसते. खाली जीव असतो. त्याला वर येऊ देण्याची राखण तेवढी हवी असते.

पश्चिम बंगालमधील मिदनापूर जिल्ह्यात अरबारी येथे १९७२ च्या सुमारास हा अनुभव आला. अजित कुमार बॅनर्जी या वनाधिकाऱ्यांनी आसपासच्या गावांच्या लोकांना सांगितले की, तुम्ही हे सालाचे रान राखा, त्याच्या उत्पन्नातील चौथा हिस्सा तुमचा. सुमारे १,२७० हेक्टर उजाड झालेले रान त्या लोकांच्या राखणीने खुंटांतूनच पुन्हा उभे राहिले. असे अनुभव पाहून १९९० च्या जून महिन्यात केंद्र सरकारने, व १९९२ साली महाराष्ट्र सरकारने, गावकरी व वनखाते यांनी मिळून वन राखण्याची पद्धत स्वीकारली. आपल्या गावांतील संयुक्त वन व्यवस्थापन समित्या त्यातूनच झाल्या.

४. दोन गावांचा कित्ता

आपल्या महाराष्ट्रातील दोन गावांची हकीकत या अभ्यासात विशेष उपयोगी आहे.

पहिले गाव बारीपाडा. हे धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात, गुजरातच्या सीमेजवळ आहे, व तेथील वस्ती कोकणा या आदिवासी समाजाची आहे. सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी भोवतालचे रान तुटून गेले होते, आणि बायकांना पाण्यासाठी दूर चालावे लागत असे. श्री. चैत्राम पवार हे गावातील सुशिक्षित तरुण नोकरीच्या मागे शहरात न जाता गावातच राहिले, आणि त्यांनी लोकांना एकत्र बसवून रान राखण्याची समिती उभी केली. कुऱ्हाड बंद, मोकाट चराई बंद, नियम मोडणाऱ्यास दंड, आणि रखवालीला गावचीच माणसे, असे त्या व्यवस्थेचे स्वरूप होते. सुमारे १,१०० एकर रान त्यांनी याप्रमाणे राखले. विहिरींना पाणी राहू लागले, दुसरे पीक घेता येऊ लागले, आणि रान वाढले तशा रानभाज्याही वाढल्या, इतक्या की त्या रांधून मांडण्याचा वनभाजी महोत्सव तेथे भरू लागला. २०२५ साली श्री. पवार यांना पद्मश्री हा सन्मान मिळाला. ज्या कामासाठी तो मिळाला, ते काम तीस वर्षांहून अधिक काळ त्या डोंगरात चालले होते, हे तरुणांनी पाहावे.

दुसरे गाव गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा, ज्याला मेंढा-लेखा असे म्हणतात. हे गोंड लोकांचे गाव. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला आपले सामूहिक वन राखण्याचा व वापरण्याचा हक्क दिला. त्या कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर रानावरील हक्क या गावाला मिळाला. असा सामूहिक हक्क देशात ज्या गावांना सर्वांत आधी मिळाला, त्यांत हे गाव आहे. २०११ पासून गाव आपला बांबू स्वतः विकू लागले. परंतु हक्काचा कागद येण्याच्या पुष्कळ आधीपासून तेथे दोन गोष्टी चालत होत्या. गावाचा निर्णय हात वर करून बहुमताने न घेता सर्वांची संमति होईपर्यंत बसून घेत असत. आणि निर्णयापूर्वी विषय समजून घेण्यासाठी अभ्यासगट बसत असे. आपल्या मंडळ्यांत शास्त्राभ्यासाचे वर्ग आहेत. एकत्र बसून वाचण्याची व प्रश्न विचारण्याची सवय आपणांस आहे. तिचा उपयोग गावाच्या कामी का होऊ नये?

५. मंडळ कशाने टिकते

एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषींनी गावच्या सामाईक रानांचा, कुरणांचा, पाटांचा व मासेमारीच्या जागांचा जगभर अभ्यास केला, आणि १९९० साली त्याविषयी ग्रंथ लिहिला. २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री होत. सामाईक वस्तु सर्वांची म्हणून कोणाचीच नसते व शेवटी नासते, असे जे सर्रास म्हणतात, ते सर्वत्र खरे नाही, असे त्यांनी दाखवून दिले. लोक काही साधे नियम पाळतात तेथे ती पिढ्यानपिढ्या टिकते. ते नियम आपल्या गावाच्या भाषेत असे सांगता येतील :

पहिला, हद्द स्पष्ट असावी. कोणता ओढा, कोणता बांध, कोणता दगड येथपर्यंत आपले रान, हे लहान मुलालाही सांगता यावे. जागा वनखात्याची, ग्रामपंचायतीची की खाजगी, हे प्रथम पाहावे आणि योग्य तेथून लेखी परवानगी किंवा ठराव घ्यावा. परवानगीशिवाय आरंभलेले काम पुढे भांडणात सापडते.

दुसरा, ज्यांना नियम पाळावयाचा त्यांनीच तो करावा. बाहेरून आलेला नियम कितीही चांगला असला, तरी रात्री रानात तो कोणी पाळत नाही.

तिसरा, राखणदार गावाला उत्तर देणारा असावा. पाळी लावावी, हजेरी लिहावी. नहेम्याच्या तिसऱ्या अध्यायात अनेकांनी आपापल्या घरासमोरचा कोट बांधला. तसाच ज्या वस्तीला जो उतार जवळ, तो तिच्याकडे सोपवावा. निर्गमाच्या अठराव्या अध्यायात इथ्रोने मोशेला काम वाटून देण्यास सांगितले, ते प्रत्येक मंडळाच्या अध्यक्षाने वर्षातून एकदा वाचावे. पुष्कळ मंडळे एका उत्साही मनुष्यावर उभी राहतात, आणि तो थकला की बसतात.

चौथा, दंड लहानापासून सुरू व्हावा. पहिल्या वेळी समज, दुसऱ्या वेळी थोडा दंड किंवा एक दिवस श्रमदान, आणि वारंवार मोडणाऱ्यालाच मोठा दंड. तंटा मिटविण्यास जवळचे ठिकाण असावे, नाहीतर एका मोळीवरून लोक न्यायालयाच्या पायऱ्या चढतात.

पाचवा, पैशाचा हिशेब सर्वांसमोर वाचावा. यंदा कोणाकडून किती आले, काटेरी तारेला किती गेले, हातात किती उरले, हे तोंडी न सांगता वहीतून वाचावे. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौलाने वर्गणीच्या बाबतीत देवापुढेच नव्हे तर माणसांपुढेही चोख राहण्याची काळजी घेतली आहे. आपणांस त्याहून कमी काळजी कशी चालेल?

६. मोळीवाल्या बहिणीचा प्रश्न

आता मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी सांगताना मला संकोच वाटतो.

काही वर्षांपूर्वी मी नांदेड जिल्ह्याच्या उत्तर भागातील एका गावी पाळक होतो. गावालगतची एक टेकडी राखण्यासाठी तेथे मंडळ निघाले. त्यात आमच्या मंडळीचे तरुण होते व इतर समाजांचेही होते, आणि सर्वांनी मिळून मला अध्यक्ष केले. आम्ही बोरीबाभळीच्या काट्यांचे कुंपण घातले, पाट्या लावल्या, पाळ्या ठरविल्या. एके सकाळी पाळीवरच्या मुलांनी एका बाईचा कोयता हिसकावून घेतला व तिला माझ्याकडे आणले. ती आमच्याच मंडळीची विधवा होती. मी तिला चारचौघांत नियम समजावून सांगितला. ती खाली पाहून ऐकत राहिली, आणि शेवटी म्हणाली, “पाळकसाहेब, झाडं राखा, पण माझी चूल कशावर पेटंल ते बी सांगा.” माझ्यापाशी उत्तर नव्हते. कोयता परत दिला, एवढेच केले.

त्या फाल्गुनात टेकडीला आग लागली. धूर सर्वांना दिसला. मंडळाचे सात-आठ तरुण फांद्या घेऊन धावले. पण टेकडीला अगदी लागून जी वस्ती होती, जेथे ती बाई राहत होती, तेथून एकही मनुष्य आला नाही. अर्धी टेकडी जळाली. त्या रात्री मला प्रथम राग आला, आणि मग लाज वाटली. कारण त्यांनी का धावावे, याचेही उत्तर माझ्यापाशी नव्हते. आमच्या सभा संध्याकाळी होत असत, आणि त्या वेळी मजुरीहून आलेल्या बाया स्वयंपाकात असतात. नियम झाला तेव्हा त्या वस्तीतील कोणीही तेथे नव्हते. आम्ही झाड राखले आणि बहीण राखली नाही.

पुढची सभा आम्ही त्याच वस्तीत, रात्रीच्या जेवणानंतर घेतली. त्या बायांना रानाची माहिती आम्हांहून अधिक होती. आग कोठून लागते, कोणी मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला पेटवून तसाच सोडतो, कोणत्या खुंटाला फुटवा चांगला येतो, हे त्यांनी सांगितले. मग नियम असा झाला की, आठवड्यातून दोन दिवस वाळके व पडलेले लाकूड डोईवर मावेल तेवढे न्यावे, कुऱ्हाड नेऊ नये. शेळ्या आत सोडू नयेत, पण पावसाळ्यानंतर गवत विळ्याने कापून न्यावे, आणि प्रथम ज्यांना शेत नाही त्यांनी. नियम मोडणारे नंतरही निघाले, भांडणेही झाली. परंतु पुढील उन्हाळ्यात गवत पेटले तेव्हा पहिली हाक त्या वस्तीतून आली.

मराठवाड्यात या प्रश्नाला विशेष वजन आहे. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबे भूमिहीन आहेत, आणि गावाच्या पडीक जमिनीवर, गायरानावर, ओढ्याकाठच्या झुडपांवर त्यांची चूल व त्यांची शेळी अवलंबून असते. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने गॅसची शेगडी गरिबांच्या घरी पोहोचली हे खरे. पण टाकी दर वेळी भरून घेण्यास पैसा लागतो, आणि हाती तो नसेल त्या दिवशी बाई रानाकडेच वळते. गायरानाचा तुकडा कसून जगणाऱ्या कुटुंबाला झाडे लावण्याच्या निमित्ताने कोणी उठवू पाहील, तर मंडळाने त्यापासून दूर राहावे. तेथे वृक्षांच्या नावाखाली नाबोथाचा मळा घेण्याचा प्रकार होऊ शकतो.

अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात देव शेतकऱ्याला सांगतो की, शेतात विसरलेली पेंढी परत आणू नये, जैतुनाच्या फांद्या दुसऱ्यांदा झोडू नयेत, द्राक्षाचा मळा पुन्हा वेचू नये. जे उरेल ते परक्याचे, पोरक्याचे व विधवेचे. ध्यानात घ्या, हा झाडांविषयीचाही नियम आहे. बागेचा धनी कोण, हे देव त्यात विसरला नाही, आणि बागेच्या कडेला उभी राहणारी विधवाही विसरला नाही. म्हणून आपल्या रानाचा नियम लिहिताना पहिल्याच ओळीत असे असावे की, या रानावर ज्यांची चूल चालते त्यांना काय मिळेल. त्यानंतर दंड लिहावा.

७. दूरच्या मंडळ्यांचे उदाहरण

आफ्रिका खंडातील झिंबाब्वे देशात मस्विंगो प्रांतातील अनेक स्वतंत्र मंडळ्यांनी १९९१ साली भूमीच्या राखणीसाठी एक संघ केला. ही बहुतेक गरीब शेतकऱ्यांची मंडळी. त्यांनी प्रभुभोजनाची उपासना झाडे लावण्याशी जोडली. भोजनापूर्वी लोक रोपे घेऊन पुढे येत, आपण विनाकारण झाड तोडले, नदीचा काठ नांगरला, इत्यादि पापे कबूल करीत, मग भाकर व द्राक्षारस घेत, आणि उपासनेनंतर ती रोपे लावीत. भूमीविरुद्धचे पाप हेही पाप आहे, आणि त्याचा पश्चात्ताप हाताने करावयाचा आहे, हे त्यांनी ओळखले.

इथिओपिया देशाच्या उत्तर भागात प्राचीन ख्रिस्ती मंडळ्यांच्या मंदिरांभोवती झाडांची वर्तुळे उभी आहेत. चहूकडे शेते व चराऊ माळ, आणि मध्ये हिरवे बेट, असा तो देखावा आहे. तेथील लोकांनी शेतातील दगड वेचून या वनांभोवती गडगे घातले. शेतही स्वच्छ झाले आणि गुरेही आत शिरेनाशी झाली. आपल्या कित्येक मंदिरांचे आवार मोकळे पडलेले असते. तेथे आठ-दहा लिंब, करंज व चिंचा उभ्या करण्यास कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.

आपल्या देशातील शेजारी देवराया राखत आले, पुष्कळदा देवतेच्या धाकाने. ख्रिस्ताने आपणांस त्या भयातून मोकळे केले आहे. परंतु भयाने जे झाड वाचत होते, ते प्रेमाने वाचविण्याची जबाबदारी आपल्यावर आली, हे आपल्या वडिलांनी आपणांस फारसे सांगितले नाही. ते आता आपण आपल्या मुलांना सांगू या.

८. वर्षाचा क्रम

नव्या मंडळास उपयोगी पडावा म्हणून आपल्या हवामानास अनुसरून कामांचा क्रम देतो.

वैशाखात खड्डे खणावेत म्हणजे ऊन लागून माती मोकळी होते. दोन चांगले पाऊस होऊन ओल खोल गेल्यावर, साधारण जूनअखेर किंवा जुलैत, रोपे लावावीत. रोपे आपल्या मातीची असावीत : लिंब, बाभूळ, बोर, आपटा, पळस, चारोळी, मोह, बेहडा, वड, पिंपळ. राखता येतील तेवढीच लावावीत. शंभर लावून विसरण्यापेक्षा वीस लावून जगविणे बरे. श्रावण-भाद्रपदात तण काढून आळे करावे, आणि कुंपणाची खिंडारे बुजवावीत. दिवाळीनंतर गवत कापून न्यावे. त्याने चारा मिळतो आणि आगीला खाद्य उरत नाही. पौष संपण्यापूर्वी हद्दीने जाळरेषा काढावी, म्हणजे गवत-पाला साफ करून मोकळी पट्टी ठेवावी. माघापासून पाऊस पडेपर्यंत वणव्याची पाळी ठेवावी, व कोणाला हाक मारावयाची ते आधी ठरवावे. चैत्रात लहान रोपांना पाणी द्यावे. पाणी टंचाईचे असेल तर घरी भांडी-कपडे धुतलेले पाणीही चालते, मात्र त्यात फार सोडा नसावा. वर्षअखेर सर्वांनी मिळून रानातून फिरून जगलेली झाडे मोजावीत, आणि जो आकडा येईल तो खरा लिहावा, मग तो लाजिरवाणा असला तरी.

लूकाच्या तेराव्या अध्यायातील माळी आपण आठवू या. धनी तीन वर्षे फळ पाहण्यास आला, आणि झाड तोडून टाक म्हणाला. माळ्याने आणखी एका वर्षाची मुदत मागितली, आणि मुदत मागताना आपण स्वतः काय करू तेही सांगितले : भोवती खणू, खत घालू. त्या झाडाला पुढे फळ आले की नाही, हे प्रभूने सांगितले नाही. माळ्याने कुदळ हाती घेतली, येथेच तो दाखला थांबतो. प्रभूने आपल्याही निष्फळ वर्षांत अशीच मुदत मागून आपल्याभोवती खणले आहे. म्हणून ज्या टेकडीवर यंदा काही दिसत नाही, तिच्यासाठी आणखी एक वर्ष मागण्यास आपण कंटाळू नये.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावात पूर्वी रान कोठे होते? वृद्धांना विचारून त्या जागेची नावे लिहून आणा.

२. त्या जागेवरून आजही लाकूड, चारा किंवा भाजी आणणारी घरे कोणती? त्यांतील कोणी आपल्या सभेस येते काय? न आल्यास सभेची वेळ व जागा कोणती असावी?

३. उत्पत्ति ४:९ मधील काइनाचा प्रश्न आपल्या गावाच्या रानाबाबत कोण विचारीत आहे? आपणच तर नव्हे?

४. आपल्या मंदिराच्या आवारात गेल्या पाच वर्षांत किती झाडे लावली व किती जगली? मंडळीच्या वहीत तशी नोंद आहे काय? नसेल तर ती ठेवण्याचे काम कोण पत्करील?

प्रार्थनेचे विषय : रानात वणवा विझविणाऱ्या तरुणांचे रक्षण, ज्यांच्या घरी सरपण नाही अशी कुटुंबे, वनखात्याचे रक्षक, जे पुष्कळदा एकटे फिरतात, आणि जे काम आपल्या हयातीत पुरे होणार नाही, ते आनंदाने करण्याची कृपा.